‘विषय वेगळा आहे’

मराठी बोलपटाविषयी सुशिक्षित कुटुंबांत चार शब्द निघाले, की त्यांत एक वाक्य हटकून ऐकावयास मिळते. ‘चित्रपट चांगला आहे, विषय वेगळा आहे.’ अंधेरीच्या दिवाणखान्यात, मुलुंडच्या वाचनालयात, बोरिवलीहून सुटणाऱ्या सकाळच्या गाडीत, सर्वत्र हीच पावती. परीक्षणेसुद्धा बहुधा हिच्यापासूनच आरंभ करितात. पावती उदार मनाने दिलेली असते आणि तिच्यामागील हेतूही चांगला असतो. तथापि ‘वेगळा’ हे विशेषण सापेक्ष आहे, आणि कशाहून वेगळा, हे विचारणारा क्वचितच भेटतो. उत्तर शोधू गेल्यास असे दिसते, की वेगळेपणाचे माप आपण आपल्याच घरात ठेविले आहे. दोन-तीन खोल्यांचे बिऱ्हाड, नोकरीवर जाणारी माणसे, शाळेत शिकविली जाते ती भाषा, हे आपले जग. ह्याच्या बाहेरचे ते सारे वेगळे. डुकरे धरणाऱ्याचा मुलगा, मेंढरांमागे फिरणारे कुटुंब, कपाशीच्या कर्जात बुडालेला शेतकरी, हे तिघेही मग एकाच खणात जाऊन बसतात आणि त्या खणावर ‘ग्रामीण’ अशी चिठ्ठी लागते. गेल्या वीस-बावीस वर्षांत मराठी बोलपटाने कथांचे जे वैविध्य दाखविले, त्याचे मोल ठरविताना प्रथम ह्या चिठ्ठीकडे पाहिले पाहिजे. विषय किती निरनिराळे झाले, ह्याची यादी करणे सोपे आहे. कथा कोणाच्या बाजूने आणि कोणाच्या बोलीत सांगितली गेली, हे पाहणे अवघड. पण खरे वैविध्य तेथेच सापडते, असे आमचे मत आहे.

ही चिठ्ठी लावण्याची खोड आपल्यापुरतीच नाही. युरोपातील रसिकांनी ‘आफ्रिकेचा चित्रपट’ असा एकच खण करून त्यात पन्नासांहून अधिक देशांच्या कथा कोंबल्या. दुष्काळ, दारिद्र्य, यादवी आणि मधूनमधून ढोलाचा ताल, एवढे असले की ती आफ्रिका. सेनेगल देशाच्या उस्मान सेम्बेन ह्यांना ही अडचण फार लवकर उमगली होती. फ्रान्समध्ये गोदीत हमाली केलेला हा मनुष्य प्रथम कादंबरीकार झाला; परंतु फ्रेंच भाषेत लिहिलेली आपली पुस्तके आपल्याच माणसांना वाचता येत नाहीत, हे ध्यानी येताच त्याने चाळिशीच्या सुमारास चित्रपटाची विद्या शिकून घेतली. 1963 सालचा ‘बोरोम सारेत’ हा त्याचा जेमतेम वीस मिनिटांचा चित्रपट. डाकार शहरातील एक गाडीवान गिऱ्हाइकाच्या आग्रहास्तव शहराच्या उंची वस्तीत शिरतो. तेथे गाड्यांना मज्जाव असल्याने शिपाई त्याची गाडी जप्त करतो, आणि तो रित्या हाताने घरी येतो. गोष्ट एवढीच. पुढे 1968 साली त्याने ‘मंदाबी’ हा बोलपट वोलोफ ह्या देशी भाषेत काढिला. पॅरिसला गेलेला पुतण्या चुलत्याच्या नावे मनिऑर्डर पाठवितो, आणि ओळखीचा दाखला नाही म्हणून ती मनिऑर्डर चुलत्याच्या हाती काही केल्या पडत नाही. ज्या कोंकणातील कित्येक चुली मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीवर पेटत आल्या, त्या कोंकणच्या वाचकास ही गोष्ट आफ्रिकेची आहे हे सांगावे लागेल.

सेम्बेन ह्यांच्यामागून जे आले त्यांनी तर एका खणात मावण्याचेच नाकारिले. त्याच डाकारच्या जिब्रिल दियोप माम्बेती ह्यांनी 1973 साली ‘तुकी बुकी’ मध्ये पॅरिसला पळू पाहणाऱ्या दोघा तरुणांची अशी काही उडती, विस्कटलेली कथा सांगितली, की तिला सेम्बेन ह्यांच्या सरळ कथनाचे भावंड म्हणणेही कठीण. नायजेरियात 1992 साली ‘लिव्हिंग इन बाँडेज’ ह्या इग्बो भाषेतील चित्रफितीने एक निराळाच बाजार उघडून दिला. तेथे परदेशी महोत्सवांची पर्वा कोणास नव्हती, घरोघरी फीत नेऊन पाहणारा देशी प्रेक्षक हाच राजा. अब्दररहमान सिसाको ह्यांचा ‘टिंबक्टू’ 2014 चा, आणि केनियातील वानुरी काहियू ह्यांचा ‘रफीकी’ 2018 चा. दोन मुलींच्या परस्परांवरील प्रेमाच्या ह्या दुसऱ्या कथेस कान येथील महोत्सवात मान मिळाला आणि स्वदेशात बंदी झाली. ह्या साऱ्यांस जोडणारा धागा काढू म्हटले तर एवढाच निघतो, की प्रत्येकाने आपला श्रोता कोण हे स्वतः ठरविले. मराठी बोलपटास हाच धागा लावून पाहावयाचा आहे.

आपल्याकडे निरनिराळ्या थरांतील विषय पडद्यावर येणे ही काही आजची नवलाई नव्हे. बाबूराव पेंटरांनी 1925 साली ‘सावकारी पाश’ काढून कुणब्याच्या जमिनीची गोष्ट सांगितली, तेव्हा चित्रपटास वाचाही फुटली नव्हती. प्रभातने 1936 ते 1941 ह्या पाच-सहा वर्षांत ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘माणूस’ आणि ‘शेजारी’ दिले. संताचे चरित्र, जरठविवाहाविरुद्ध उभी राहिलेली मुलगी, वेश्येच्या प्रेमात पडलेला पोलीस शिपाई आणि दोन धर्मांच्या म्हाताऱ्यांची मैत्री, एवढी विविधता आज एका संस्थेकडून क्वचितच मिळेल. जब्बार पटेलांच्या ‘जैत रे जैत’ ने 1977 मध्ये ठाकरांच्या वस्तीत नेले. पुढे मात्र तमाशाचा फड आणि घरगुती विनोद ह्या दोन चाकोऱ्यांत गाडा बराच काळ रुतून राहिला. त्या काळातील विनोदी बोलपटांची टवाळी करण्याची सध्या रीत आहे. आम्ही ती करणार नाही, कारण ‘अशी ही बनवाबनवी’ अजून तोंडपाठ असणारी घरे पुष्कळ आहेत आणि त्यांत आमचेही एक आहे.

संदीप सावंत ह्यांच्या ‘श्वास’ पासून नवे पर्व मानण्याचा प्रघात पडला आहे. त्याला 2003 सालचे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. त्यापूर्वी हा मान मराठीस मिळाला होता तो अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ ला, 1953 सालासाठी. मध्ये अर्धशतक गेले. पुढे ‘देऊळ’ (2011, एका अन्य भाषेतील चित्रपटाबरोबर विभागून), ‘कोर्ट’ (2014) आणि ‘कासव’ (2016) असे तीन वेळा ते कमळ आले. पारितोषिके मोजून वाङ्मयाची किंवा कलेची प्रत ठरत नाही, हे खरेच. पण ज्या चार चित्रपटांनी ती मिळविली ते एकमेकांशेजारी ठेवून पाहिले तर त्यांचे कूळ एक आहे असे कोणी म्हणणार नाही. नातवाचे डोळे काढावे लागणार हे कळल्यावर शस्त्रक्रियेच्या आधी त्याला जग दाखवून आणणारा आजोबा, गावात देव प्रकट झाल्याच्या वार्तेने उठलेला बाजार, न्यायालयात वर्षानुवर्षे रेंगाळणारा खटला, आणि निराशेने ग्रासलेल्या स्त्रीस समुद्रकाठी मिळालेला आसरा. चारही कथा चार वाटांनी चालतात.

तरीही आमची शंका शिल्लक राहते. विषय निरनिराळे आले, पण पाहणारा डोळा निरनिराळा आला काय? ह्या कसोटीवर सर्वच नावाजलेले बोलपट टिकत नाहीत. राजीव पाटील ह्यांचा ‘जोगवा’ (2009) घ्या. यल्लम्मेस सोडलेल्या जोगत्या-जोगतिणींचे जिणे त्यात आहे, अभिनय उत्तम आहे, संगीत तर मनात घर करून राहते. परंतु प्रेक्षक तो पाहतो तो दुरून, शहरातून आलेल्या पाहुण्याप्रमाणे, आणि अखेरपर्यंत पाहुणाच राहतो. उलट मंगेश हाडवळे ह्यांच्या ‘टिंग्या’ (2008) मध्ये पाय जायबंदी झालेला बैल खाटकास विकावयाचा, हा व्यवहार आपल्याला कोणी समजावून देत नाही. पोराचा बैलावर जीव आहे, बापाला बियाण्याचे पैसे हवेत. दोघांचेही बरोबर आहे. तेथे पाहुण्यास बसावयास पाट मांडलेला नाही, आणि म्हणूनच तो घरातला होतो. सतीश मनवर ह्यांनी ‘गाभ्रीचा पाऊस’ (2009) मध्ये ह्याहून अवघड गोष्ट साधली. विदर्भातील शेतकरी नवरा जिवाचे काही बरेवाईट करील ह्या भयाने बायको लहान मुलास त्याच्या पाठीवर पाळतीला ठेविते, आणि ह्या भयाण कल्पनेतून दिग्दर्शक हसू काढतो. हे हसू आपण शहरात बसून निर्माण करू शकलो नसतो. तसा धीरही आपणास झाला नसता. दुसऱ्याच्या दुःखापुढे आपण फार गंभीर होतो, आणि ते गांभीर्य हेही एक अंतरच असते.

नागराज मंजुळे ह्यांचा ‘फँड्री’ ह्या दृष्टीने अधिक बारकाईने पाहण्याजोगा आहे. तो 2013 साली पुरा झाला आणि 2014 च्या आरंभी चित्रगृहांत आला. नावापासूनच त्याने आपणास खाली उतरविले. ‘फँड्री’ म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर, हे मुंबईतील बहुतेकांस कोणालातरी विचारूनच कळले असेल. मराठी बोलपटाचे नाव मराठी प्रेक्षकास कळू नये, ह्यात दिग्दर्शकाचा आढ्यतेखोरपणा पाहणारे लोक तेव्हा भेटले. आम्हांस ती साधी वस्तुस्थिती वाटली. आपल्याच प्रांतात, आपल्या शेजारी बोलली जाणारी बोली आपणास परकी आहे, एवढेच ते नाव सांगत होते. कथा जब्या नावाच्या शाळकरी मुलाची. त्याला वर्गातील शालू आवडते, काळी चिमणी मिळाली तर ती वश होईल अशी त्याची समजूत आहे, आणि घरचे लोक गावातील डुकरे धरण्याच्या कामात त्याला ओढीत आहेत. किशोर कदम ह्यांनी उभा केलेला बाप आम्हांस फार मोठा वाटला. तो मुलावर खेकसतो, लाचार होतो, पण आपली कीव करू देत नाही.

शेवटच्या भागात सारे गाव पाहत असताना हे कुटुंब डुकरामागे धावते. तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. जब्या थांबतो, त्याला पाहून घरचे सारे ताठ उभे राहतात. डुक्कर मात्र थांबत नाही. प्रेक्षागृहात ह्या प्रसंगी हशा होतो आणि मध्येच तुटतो, कारण आपण कोणास हसलो हे हसणाऱ्यास कळून चुकते. पुढे धरलेले डुक्कर काठीला बांधून नेताना मागच्या भिंतीवर फुले, शाहू, आंबेडकर आणि गाडगे महाराज ह्यांच्या तसबिरी रंगविलेल्या दिसतात. कोणी काही बोलत नाही. सर्वांत शेवटी जब्या संतापाने दगड भिरकावतो आणि तो थेट पडद्याच्या रोखाने, म्हणजे आपल्या रोखाने येतो. ह्या दगडावर पुष्कळ लिहिले गेले. आम्हांस त्यात एवढेच अधिक म्हणावयाचे आहे, की तो दगड येईपर्यंत आपण जब्याच्या बाजूने बसलो आहोत अशी आपली समजूत होती. गावातील जे लोक कुंपणावर बसून ही शिकार मौजेने पाहत होते, त्यांच्याच रांगेत आपली खुर्ची आहे, हे तिकीट काढताना कोणी सांगितले नव्हते.

ह्याच दिग्दर्शकाच्या ‘सैराट’ (2016) ने तिकिटांच्या विक्रीचे पूर्वीचे सारे आकडे मागे टाकिले. त्यातील पूर्वार्ध फार गोडगोड आहे, अशी तक्रार आमच्या काही मित्रांनी केली. आमच्या मते तक्रार उलटी आहे. अजय-अतुल ह्यांच्या संगीतावर नाचत ज्या लाखो तरुणांनी आर्ची आणि परश्या ह्यांना आपले मानिले, त्यांनाच अखेरच्या त्या निःशब्द क्षणांत लहान मुलाची रक्ताळलेली पावले पाहावी लागली. गोडवा नसता तर ती पावले परक्याच्या घरातली ठरली असती. हैदराबादेच्या झोपडीतील उत्तरार्ध मात्र आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. प्रेमाचे पर्यवसान पाणी भरण्यात, संशयात आणि डोसे भाजण्यात होते, हे आपल्या बोलपटाने इतक्या धिटाईने पूर्वी क्वचित सांगितले असेल.

आता गाव सोडून शहरात यावयाचे, कारण आमचा खरा रोख तिकडे आहे. अविनाश अरुण ह्यांचा ‘किल्ला’ किंवा भाऊराव कऱ्हाडे ह्यांचा ‘ख्वाडा’ ह्यांविषयी विस्ताराने लिहिण्याचा मोह येथे आवरावा लागत आहे. बापाच्या मृत्यूनंतर आईच्या बदलीमुळे कोंकणात येऊन पडलेल्या मुलाचे एकटेपण, आणि मेंढरांमागे हिंडणाऱ्या धनगर कुटुंबाचे मानापमान, हे दोन्ही बोलपट 2015 साली काही महिन्यांच्या अंतराने चित्रगृहांत लागले, आणि आमच्या परिचयातील बहुतेकांनी त्यांतील पहिलाच पाहिला, एवढे नमूद करून पुढे जातो.

चैतन्य ताम्हाणे ह्यांचा ‘कोर्ट’ पूर्ण झाला 2014 मध्ये. त्याच वर्षी व्हेनिस येथे त्याचा गौरव झाला. नारायण कांबळे हा वयस्क लोकशाहीर. त्याचे गाणे ऐकून गटार साफ करणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप त्याच्यावर ठेवण्यात येतो. ही भूमिका करणारे वीरा साथीदार हे स्वतः चळवळीतले कार्यकर्ते. 2021 साली कोरोनाच्या साथीत ते निवर्तले. ‘विषय वेगळा’ म्हणावा असाच हा विषय. परंतु दिग्दर्शकाने एक विलक्षण गोष्ट केली. खटला बाजूस ठेवून तो वकिलांच्या आणि न्यायाधीशाच्या मागोमाग त्यांच्या घरी गेला. बचावाचा वकील सधन गुजराती घरातला, त्याच्या आवडीनिवडी निराळ्या. सरकारी वकील नूतन ही मात्र आपली. गीतांजली कुलकर्णी ह्यांनी ती अशी साकार केली आहे, की तिला आपण आपल्याच जिन्यात रोज भेटतो असे वाटावे. ती लोकलगाडीत शेजारणीशी घरगुती गोष्टी बोलते, मुलाला घेऊन घरी येते, स्वयंपाक करते, जेवते, दुसऱ्या दिवसाचे कागद चाळते. ह्याच हातांनी ती एका निरपराध म्हाताऱ्यास तुरुंगात ठेवण्यासाठी कलमामागून कलम वाचते, आणि त्यात तिला काही विशेष केले असे वाटत नाही.

सुटीच्या दिवशी हे कुटुंब नाटकास जाते. नाटकात परप्रांतीय जावयाची रेवडी उडविली जाते, मराठी बाणा गरजतो, आणि प्रेक्षागृह टाळ्यांनी दणाणून जाते. कॅमेरा त्या टाळ्या वाजविणाऱ्यांकडे शांतपणे पाहत राहतो. विलेपार्ल्याच्या किंवा मुलुंडच्या कोणत्याही नाट्यगृहातील रविवारची दुपार तिच्यात ओळखू येते. येथे ‘ग्रामीण’ ची चिठ्ठी लावता येत नाही. ‘फँड्री’ चा दगड आपल्याकडे बाहेरून आला. ‘कोर्ट’ मध्ये आपण घरात बसलेले आहोत आणि कोणी दार न वाजविता आत येऊन उभा आहे. मराठी मध्यमवर्ग हा येथे प्रथमच ‘वेगळा विषय’ झाला, असे म्हणावयास हरकत नाही. ताम्हाणे ह्यांनी 2020 मधील ‘द डिसायपल’ मध्ये हाच धागा निराळ्या रंगात रंगविला. शास्त्रीय संगीताच्या साधनेत वय घालविलेला, आणि आपणास ते साधणार नाही हे हळूहळू उमगत जाणारा शरद नेरूळकर रात्रीच्या निर्मनुष्य रस्त्यांवरून मोटारसायकल हाकीत माईंची ध्वनिमुद्रित प्रवचने ऐकतो. माईंचा आवाज सुमित्रा भावे ह्यांचा. ह्या चित्रपटास व्हेनिस येथे पटकथेचे पारितोषिक मिळाले, पण आपल्याकडे त्याची चर्चा मुख्यतः गायकांतच झाली. त्यातील अपयश गायकापुरते नाही. शिकवणीस घातलेल्या, वर्गात पहिल्या येणाऱ्या आणि पुढे कोठे न दिसलेल्या मुलांच्या घरांनी तो पाहिला पाहिजे होता.

ह्या दोन बोलपटांकडून दृष्टी काढून मुंबईच्या उपनगरांकडे वळविली, की एक चमत्कारिक उणीव दिसते. बोलपटाचा धंदा उपनगरांत येऊन नव्वद वर्षे झाली. बाँबे टॉकीजने मालाडला 1934 साली बस्तान मांडिले. गोरेगावला 1943 मध्ये फिल्मिस्तान आले. 1977 मध्ये त्याच गोरेगावच्या डोंगरात सरकारने चित्रनगरी उभारिली, तिला आज दादासाहेब फाळक्यांचे नाव आहे. अंधेरीपासून मालाडपर्यंत गल्लोगल्ली संकलनाच्या आणि ध्वनिमुद्रणाच्या खोल्या आहेत. मराठी प्रेक्षकही दादर-गिरगाव सोडून बोरिवली, मुलुंड, ठाणे असा सरकत गेला. तरी ह्या वस्तीची कथा म्हणून दाखविण्याजोगे काय आहे? निशिकांत कामत ह्यांचा ‘डोंबिवली फास्ट’ (2005) आठवतो. पण डोंबिवली ह्या उपनगरांच्याही पलीकडची, आणि त्यातील माधव आपटे हा बँकेतला कारकून आपल्या गावात नव्हे, तर शहराच्या रस्त्यावर पिसाळतो. उपनगर त्याला नुसते झोपण्याचे ठिकाण आहे. गिरण्यांच्या चाळींवर चित्रपट निघाले, कारण चाळ आता स्मृतीत गेली आणि स्मृती पडद्यावर शोभते. उपनगर अजून शोभत नाही.

आणि कथा तर येथे पायाशी लोळत आहेत. तीस वर्षांची इमारत पाडून नवी बांधावयाची म्हणून भाड्याच्या घरात गेलेली आणि वर्षानुवर्षे परतू न शकलेली कुटुंबे. सभासदांच्या सभेत एका सहीवरून शत्रू झालेले शेजारी. घाटकोपरच्या टेकडीवर पावसाळ्यात दरडीखाली झोपणारी घरे, आणि त्याच स्थानकाच्या दुसऱ्या बाजूस पिढ्यान्‌पिढ्या नांदणारी गुजराती पेढी. मुलुंडमध्ये एकाच मजल्यावर राहून एकमेकांच्या स्वयंपाकघराचा वास ओळखणारी मराठी आणि गुजराती बिऱ्हाडे. आरेच्या झाडीतील वारल्यांचे पाडे, ज्यांच्या उंबऱ्यापाशी बिबळ्या येतो आणि ज्यांच्या शेजारी बोलपटांचे खोटे राजवाडे उभे राहतात. गोराईचे कोळी आणि ईस्ट इंडियन कुटुंबे, ज्यांची मराठी ऐकून आपण ‘तुम्ही मराठी कोठे शिकलात?’ असे विचारतो. चित्रनगरीच्या फाटकातून कॅमेरा घेऊन बाहेर पडले तर पाडा पायी गाठता येईल. तो गाठण्याऐवजी आपल्या मंडळींनी गाडी करून साताऱ्यास जाणे पसंत केले. साताऱ्याशी आमचे वैर नाही.

मध्यमवर्गाच्या वाट्यास काही आलेच नाही, असा मात्र ह्याचा अर्थ नव्हे. हेमंत ढोमे ह्यांचा ‘झिम्मा’ (2021) आणि केदार शिंदे ह्यांचा ‘बाईपण भारी देवा’ (2023) ह्यांना बायकांनी मैत्रिणींसह, सासूसह, रांगा लावून आश्रय दिला. दुसऱ्या बोलपटाच्या खेळांना नऊवारी नेसून, नथ घालून येणाऱ्या स्त्रियांचे थवे आम्ही पाहिले आहेत. विद्वानांनी ह्याकडे नाक मुरडले, ते आम्हांस रुचले नाही. साठी गाठलेल्या बहिणींचे रुसवे हा विषय आजवर कोणास मोठा वाटला नव्हता; तो मंगळागौरीच्या फेरात आणून कोणी तरी प्रथम त्यांना सांगितले, की पडदा तुमचाही आहे. नायजेरियाच्या त्या फितींप्रमाणे येथेही श्रोता आधी ठरला आणि मग कथा. मात्र हेही म्हटले पाहिजे, की तेथील सारी भांडणे फार सहज मिटतात. ‘कोर्ट’ मधील नूतनच्या घरात न मिटणारे जे काही आहे, त्याची चाहूल येथे लागू दिलेली नाही.

शेवटी रोहन कानवडे ह्यांच्या ‘साबर बोंडं’ ह्या बोलपटाचा उल्लेख करितो. 2025 च्या जानेवारीत अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात त्याला परदेशी कथापटांतील सर्वोच्च पारितोषिक मिळाले, आणि सप्टेंबरात तो आपल्याकडे लागला. बाप वारल्यावर दहा दिवसांचे सुतक पाळण्यासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद, त्याच्या लग्नाची चौकशी करणारे नातेवाईक, सारे जाणून गप्प असलेली आई, आणि लहानपणचा मित्र बाळ्या. दोघा पुरुषांच्या प्रेमाची ही कथा आहे, म्हणजे ‘विषय’ म्हणून चटकन उचलता येईल अशी. पण ती पाहताना विषय आठवत नाही. आठवतात ते सुतकातील बारीकसारीक नियम, माणसांनी भरलेल्या घरात दोघांनाच बोलण्यासाठी शोधावी लागणारी जागा, आणि आईचे एकही जास्तीचे वाक्य न बोलणे. कॅमेरा बहुधा हलत नाही. घरातल्या वडीलधाऱ्याप्रमाणे एका जागी बसून राहतो. ‘रफीकी’ मधील मुलींना नैरोबी शहराच्या रंगांची आणि गोंगाटाची सोबत होती. येथे दोघांना माळावरच्या शेळ्यांची आहे. गाव आणि मुंबई ह्यांतील जी भिंत आपण चिठ्ठी लावून उभी केली, तिचा ह्या कथेत पत्ता नाही. आनंद दोन्हीकडचा आहे, जसे आपणांपैकी बहुतेकजण दोन्हीकडचे आहेत आणि तसे कबूल करीत नाहीत.

हा बोलपट उपनगरांतील चित्रगृहांत किती दिवस राहिला, हे ज्याने दुसऱ्या आठवड्यात वेळापत्रक उघडून पाहिले त्याला विचारावे. सरकारने 2015 साली बहुपडदा चित्रगृहांवर मराठी चित्रपट सायंकाळच्या मोक्याच्या वेळी दाखविण्याची सक्ती जाहीर केली, आणि लगेच चर्चा होऊन ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल करण्यात आली. दुपारी बाराच्या खेळास अंधेरीत कोण रिकामा असतो, हे सरकारास ठाऊक नसेल असे नाही. चित्रगृहाचा मालक खुर्च्या मोजतो. त्याला दोष देऊन भागत नाही. ‘किल्ला’ आणि ‘ख्वाडा’ ह्यांतील एकच पाहून ‘ह्या वर्षी मराठीत चांगले विषय आले’ म्हणणारे आमचे स्नेही शुक्रवारी सायंकाळी घरी असतात. त्यांना आम्ही गेल्या खेपेस ‘साबर बोंडं’ ची वेळ कळविली होती. विषय कसला आहे, असे त्यांनी विचारिले. एक मुलगा बापाच्या दहाव्यास गावी जातो, असे आम्ही सांगितले.

ते आले होते, आणि परतीच्या गाडीत कांदिवलीपर्यंत काही बोलले नाहीत.